ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या: ऊस वाहतुकीआधी ब्रेक, जोड, वजन आणि कागद

प्रश्न असा आहे. ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, चार चाकांच्या दोन ट्रॉल्या घेतल्या आहेत, कारखान्याशी वाहतुकीचा करार पहिल्यांदाच होतोय. शेतापासून केनयार्ड, म्हणजे कारखान्याचं ऊस उतरवायचं आवार, २२ किलोमीटर. वाटेत ओढ्यावरच्या पुलाकडे उतरणारा एक उतार, पलीकडे तेवढाच चढ, आणि एका ठिकाणी महामार्ग ओलांडायचा आहे. ट्रॅक्टर एवढं ओढेल का, आणि पोलीस-आरटीओच्या बाजूनं काय काय लागतं?

सपाटीवर ओढेल, त्याची काळजी नको. काळजी थांबवण्याची आहे, आणि ती आकडे मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून आधी आकडेच मांडतो.

ट्रॅक्टरचं वजन साधारण २.२ टन. त्यातला दीड टन मागच्या चाकांवर असतो आणि ब्रेकही फक्त मागच्याच चाकांना असतात. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.७ धरली, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या सात दशांश, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी त्यांची ओढ एक टनाच्या वर जात नाही. त्यापुढे चाक नुसतं घासत जातं. मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून साडेतीन टन आणि त्यात १६ टन ऊस धरा. ट्रॅक्टरसकट सगळा ताफा २२ टनांच्या जवळ जातो. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर हे सगळं त्या एका टनावर थांबवायचं असतं.

ताशी २५ च्या वेगात, सपाट कोरड्या रस्त्यावर, चाकांच्या लोळण्याचा थोडा विरोधही धरून, ब्रेक लागल्यापासून हा ताफा सुमारे ३७ मीटर जातो. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद म्हणजे आणखी ७ मीटर. ताशी ३५ ला तेच अंतर ७३ अधिक १० मीटर होतं. आता तुमचा उतार घ्या. वीस मीटरला एक मीटर उतरत असेल, तर उतारच ताफ्याला १.१ टनानं पुढे ढकलतो. ताशी २५ ला लावलेला ब्रेक तिथं चाकांच्या त्या विरोधाच्या मदतीनंच ताफा थांबवतो, आणि त्याला १६० मीटर घेतो. रस्ता ओला असेल, किंवा मळीचं पाणी आणि चिखल सांडलेला असेल, तर पकड ०.४ वर येते आणि हिशोब उलटा होतो: पूर्ण ब्रेक दाबूनही ताफा थांबत नाही, हळूहळू वेगच घेतो. हीच एक ट्रॉली असती तर कोरड्या रस्त्यावर त्याच उतारावर ४५ मीटरच्या आसपास थांबली असती.

यावर दोन गैरसमज नेहमी ऐकू येतात. पहिला, की गिअरमध्ये सोडलं की इंजिन धरतं, ब्रेक लागतच नाही. इंजिन धरतं हे खरं, पण ते धरतं त्याच मागच्या दोन चाकांमधून. टायरची पकड संपली की इंजिनही काही करू शकत नाही. गिअरचा फायदा एवढाच की वेग वाढूच दिला जात नाही आणि ब्रेक तापत नाहीत. तो फायदा मोठा आहे, म्हणून गिअर हवाच. दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: उतारावर पळवून घ्यायचं आणि त्या जोरावर पलीकडचा चढ काढायचा. पुलाच्या तोंडाशी समोरून एखादी मोटारसायकल आली की काय होतं ते वरच्या आकड्यांत दिसतंच आहे.

हे ड्रायव्हर तसं का करतात, हेही समजून घ्या, कारण कारण खरं आहे. त्या चढावर २२ टन ओढायला साधारण दीड टनाची ओढ लागते आणि ओढताना पुढचं थोडं वजन मागे येऊनही तुमच्या मागच्या चाकांची पकड सव्वा टनाला संपते. चाकं जागेवर फिरणारच. उपाय वेगात नाही, वजनात आहे. मागच्या टायरमध्ये पाणी भरून घ्या. व्हॉल्व्ह वरच्या टोकाला आणून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरलं की टायर साधारण पाऊण भरतो, १३.६-२८ किंवा १४.९-२८ मापाच्या दोन टायरमध्ये मिळून ३२० ते ४०० किलो बसतं. त्यानं चढ जेमतेम निघतो आणि ब्रेकची ओढही एक टनाची सव्वा टनावर जाते. पाणी भरलेल्या टायरची हवा मात्र व्हॉल्व्ह वर ठेवूनच तपासायची. त्याहून सरळ उपाय म्हणजे चार टन ऊस कमी भरणं. तो कोणाला आवडत नाही.

आता ट्रॉलीचे ब्रेक. दोन्ही ट्रॉल्यांना चारही चाकांवर नीट काम करणारे ब्रेक असतील, तर ताशी २५ ला तोच ताफा सपाटीवर १२-१३ मीटरमध्ये थांबतो. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच खर्चानं पडत नाही. ट्रॉली बनवून घेताना किंवा जुनी घेताना आधी ब्रेक विचारा. हौद, रंग आणि नाव नंतर. हवेचे ब्रेक बसवायचे तर इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर, टाकी, नळ्या आणि ट्रॉलीच्या ॲक्सलवर ड्रम व चेंबर लागतात. दोन नळ्यांची पद्धत घ्या, म्हणजे ट्रॉली सुटून नळी तुटली तर ट्रॉलीचे ब्रेक आपोआप लागतात. तेलाच्या ब्रेकसाठी ट्रॅक्टरला ट्रेलर ब्रेक व्हॉल्व्ह लागतो. तुमच्या मॉडेलला तो कंपनीकडून मिळतो का ते आधी बघा, कुठल्याही तेलनळीला टी मारून घेऊ नका. पैसे एकाच ट्रॉलीपुरते असतील, तर ब्रेक मागच्या ट्रॉलीला लावा. मागून धरलं की ताफा ताणलेला राहतो. मागची ट्रॉली मोकळी असली की ती मधलीला ढकलते, मधली ट्रॅक्टरला ढकलते, आणि मागची चाकं घासत असलेला ट्रॅक्टर क्षणात आडवा होतो.

ब्रेक नसतील तर तुमच्या उतारावर दोन्ही ट्रॉल्या एकदम उतरवू नका. वरती सपाट जागी मागची सोडा, पुढची पलीकडे नेऊन लावा आणि परत या. सोडलेल्या ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

उतरताना गिअर उताराच्या आधीच टाका, ज्या गिअरमध्ये तोच चढ भरल्या ट्रॉलीनं चढला असता तोच. उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला की त्या दोन सेकंदांत ताफा मोकळा सुटतो आणि परत गिअर पडेलच असं नाही. न्यूट्रलचं तर नावच नको. डिझेल वाचतं ते चमचाभर. आणि शेतातून रस्त्यावर येताना डाव्या-उजव्या ब्रेकच्या पेडलांमधली पट्टी अडकवलीय ना ते बघा. नांगरटीत ती सोडलेली असते. तशीच राहिली आणि घाईत एकच पेडल दाबलं गेलं, तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. पट्टी लावूनही दोन्ही चाकं सारखी धरतात का, ते रिकाम्या ट्रॅक्टरनं मोकळ्या कच्च्या जागेत ब्रेक मारून मातीवरच्या घासणीच्या दोन रेघांवरून कळतं. एक रेघ आखूड असेल तर ॲडजस्टमेंट करून घ्या. मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफरन्शियल लॉक रस्त्यावर कधीच नाही.

जोडाकडे येतो. ट्रॉली ट्रॅक्टरच्या पक्क्या हुकालाच जोडायची, हायड्रॉलिकच्या खालच्या हातांमधल्या आडव्या पट्टीला नाही. ती पट्टी वर-खाली होते आणि बाजूच्या साखळ्या ढिल्या असतील तर डावी-उजवीकडेही हलते. उंची महत्त्वाची. हूक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल आणि चाकं पूर्ण पकडीनं ओढत असतील, तर पुढच्या ॲक्सलवरच्या ७५० किलोतले २७० किलो कमी होतात. तीच ओढ ९० सेंटिमीटरवरून, म्हणजे वरच्या ब्रॅकेटमधून घेतली, तर ४८५ किलो जातात. उरलेल्या २६५ किलोंत स्टिअरिंग हलकं लागतं, चढावर त्याहून हलकं, आणि क्लच झटक्यात सोडला तर पुढची चाकं उचलतात. दोन चाकी ट्रॉली असती, तर तिचं हुकावर येणारं वजन यात आणखी भर घालतं. हुकावर एक टन आलं तर पुढचे साधारण ४०० किलो त्यातच जातात. म्हणून दोन चाकीत ऊस ॲक्सलच्या किंचित पुढे भारी ठेवायचा, पण अती नाही. मागे भारी ठेवला तर उलट होतं: दांडी वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली रस्त्यावर शेपटी हलवू लागते.

पिनच्या जागी लोखंडी सळईचा तुकडा किंवा मिळेल तो बोल्ट घातलेला सगळीकडे दिसतो. बोल्टच्या आट्यांवर घाव बसून तिथंच भेग पडते, आणि ती बाहेरून दिसत नाही. कंपनीची पूर्ण जाडीची पिन, खाली लॉक पिन, आणि लॉक पिन तारेनं पिनलाच बांधलेली हवी. पिन काढून हातात घ्या आणि मधल्या भागावरून बोट फिरवा. कडा लागली म्हणजे झीज झाली आहे. दांडीच्या कडीचं भोकही लांबट झालंय का बघा. दोन्हीकडची झीज मिळून बोटभर खेळ झाला, की प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक ओढीला २० टनांचा हातोडा त्या पिनवर बसतो. पिन बदला आणि कडीचं भोक भरून घेण्यापेक्षा कडीच नवी लावा. दांडी जिथं चासीला वेल्ड केलेली असते तिथला चिखल धुऊन कोपरे बघा. रंगाखाली गंजाची बारीक तपकिरी रेघ म्हणजे भेग. तिच्यावर नुसता वेल्डचा थर मारून भागत नाही. भेग संपते तिथं भोक पाडून, भेग खरवडून, पट्टीसकट वेल्ड करावी लागते.

पिन गेली तरी ट्रॉली जाऊ नये म्हणून साखळी. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, पहिली आणि दुसरी, दोन्ही जोडांवर दोन-दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन. तशा लावल्या की सुटलेली दांडी त्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. ग्रेड ८० ची १३ मिलिमीटरची साखळी ५.३ टन कामाच्या भाराची असते, तीच घ्या. १० मिलिमीटरची ३.१५ टनांचीच. हार्डवेअरच्या दुकानातली जनावराची साखळी दाखवण्यापुरती. साखळीची टोकं चासीला, त्याच पिनला नाही. ढील एवढाच की पूर्ण वळणावर ताण येऊ नये आणि रस्त्याला घासू नये.

वजनासाठी वेगळा काटा शोधायची गरज नाही. दोन्ही ट्रॉल्यांच्या पहिल्या खेपेची कारखान्याच्या काट्याची पावती हातात येते. दोन्ही ट्रॉल्यांचं वजन वेगवेगळं घ्या आणि प्रत्येक ट्रॉलीच्या आरसी पुस्तकात भरल्या वजनाचा जो आकडा आहे त्याच्याशी लावून बघा. किती मोळ्यांना किती टन बसतात याचा अंदाज एका पावतीत येतो. ऊस ताजा, तोड पावसानंतरची असेल तर त्याच मोळ्या जास्त भरतात. जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. उलट कधीच नाही.

उंचीचं थोडं नीट सांगतो, कारण ट्रॉल्या पलटी होतात त्या बहुतेक वळणावर आणि साइडपट्टीवर. चाकांमधलं अंतर १.६ मीटर आणि भरलेल्या उसाचा मध्य जमिनीपासून २ मीटरवर असेल, तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २७ ला आतली चाकं उचलतात. रस्ता बाहेरच्या बाजूला दहा टक्के कललेला असेल, म्हणजे एक चाक खचलेल्या साइडपट्टीवर उतरलं, की तेच ताशी २४ ला होतं. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात, म्हणून त्याच्याही आधी. समोरच्याला जागा द्यायला भरली ट्रॉली साइडपट्टीवर घालण्यापेक्षा थांबून राहा. उसाचे थर आडवे, कडेच्या खुंटांच्या आत, वरचा थर मध्ये, आणि वरून तारदोर किंवा साखळीनं आवळलेला. पाचेक किलोमीटरवर एकदा उतरून परत आवळा, ऊस दबून दोर ढिला होतोच.

टायर आणि हब यांना मालक वेळ देत नाहीत, म्हणून तेवढंच सांगतो. ९.००-१६ चा टायर कितीही प्लायचा असला, तरी भार आणि हवा टायरच्या बाजूवर छापलेली असते, ती वाचा. रिमोल्ड टायर पुढच्या ॲक्सलला नको. नवीन बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या भरल्या खेपेनंतर परत आवळा. ट्रॉली जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवा. खेळ असेल तर बेअरिंग. दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक हबला हात लावा. एकच हब बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल, तर ते चाक त्याच दिवशी उघडा. टर्नटेबलला, म्हणजे पुढचा ॲक्सल ज्यावर वळतो त्या चकतीला, ग्रीस दर आठवड्याला. ते अडकलं की ट्रॉली वळणावर सरळ जाऊ पाहते.

रात्रीचा भाग. मागून ताशी ८० नं येणाऱ्या गाडीला दिसणं, ओळखणं आणि थांबणं यात साधारण ७० मीटर लागतात. तिच्या खालच्या झोतात काळी, चिखलानं माखलेली ट्रॉली त्याच्या आतच दिसते. लाल-पांढरी रिफ्लेक्टर पट्टी चांगल्या स्थितीत असेल तर दुपटीहून लांबून चमकते. पण ती लावलेली असते हौदाच्या मागच्या फळीवर, आणि वर लोंबणारे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तिला झाकून टाकतात. म्हणून पट्टी फळीच्या खालच्या कडेला आणि शिवाय एक स्वतंत्र रिफ्लेक्टर फलक उसाच्या मागच्या टोकाला, गाडीच्या दिव्यांच्या उंचीवर बांधा. बाजूच्या चासीलाही पट्टी हवी. चौकात आडव्या उभ्या ट्रॉलीच्या मध्यात गाडी घुसते तेव्हा मागचे दिवे कामाचे नसतात. मागच्या ट्रॉलीचे लाल दिवे सात पिनच्या सॉकेटवरून घ्या, तार दोन्ही दांड्यांवरून पाइपातून, वळणावर ताणली जाणार नाही एवढी ढील सोडून. रोज संध्याकाळी पुसायला एक फडकं सीटखाली ठेवा.

आणि ते डेकचे मोठे स्पीकर. मागच्या गाडीचा हॉर्न आणि मागच्या ट्रॉलीची फुटलेल्या टायरची फडफड, दोन्ही ऐकू येत नाही.

पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेनं दगड मांडतात आणि काम झाल्यावर ते तसेच सोडून निघतात. रात्री मोटारसायकलवाला त्याच दगडावर पडतो. दगड नकोतच. रिफ्लेक्टरचे दोन त्रिकोण ठेवा, मागे ५० मीटरवर एक आणि महामार्गावर १०० मीटरवर आणखी एक.

महामार्ग ओलांडताना हिशोब असा करा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून साधारण १७ मीटर, एका बाजूचा रस्ता ७ मीटर. भरल्या ताफ्यानं जागेवरून सुटून ताशी ५ नं हे २४ मीटर काढायला १७ सेकंद लागतात. ताशी ८० ची गाडी तेवढ्यात ३८० मीटर येते. रात्री एवढ्या लांबवरच्या दिव्याचा वेग डोळ्यांनी कळत नाही. दुभाजकाच्या फटीत १७ मीटर मावत नाहीत, म्हणजे मध्ये थांबायची सोय नाही. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या हव्यात. ओलांडायच्या जागी एक माणूस आधीच उभा ठेवा, त्याला टॉर्च आणि रिफ्लेक्टर जॅकेट द्या. धुकं असेल त्या पहाटे उजाडेपर्यंत अलीकडेच थांबा. रिकाम्या ट्रॉल्या आणतानाही मागची ट्रॉली वळणात आतून कापते, हे विसरू नका.

कागदांचं. ट्रॉली हे कायद्यानं वेगळं वाहन आहे. प्रत्येक ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी हवी आणि तिचा नंबर तिच्या बाजूवर हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१ नुसार ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर मागच्या, म्हणजे शेवटच्या ट्रॉलीवर लिहिलेला असावा लागतो. विम्यातही दोन्ही ट्रॉल्या नंबरनिशी नोंदवून घ्या. नुसत्या ट्रॅक्टरचा विमा असेल आणि अपघात मागच्या ट्रॉलीनं केला, तर विमा कंपनी तिथंच अडवते. स्वतःच्या शेतीसाठी काढलेला विमा आणि दुसऱ्याचा ऊस भाड्यानं वाहणं, हेही जुळत नाही. कंपनीनं नुकसानभरपाई दिली तरी ती तुमच्याकडून वसूल करायला बघते. वाहतुकीचा करार होतोय हे विमा कंपनीला आणि आरटीओला लेखी कळवा आणि लेखी उत्तर घ्या. विमाच नसेल तर कलम १९६ चा पहिला दंड २,००० रुपये आहे. ती रक्कम काहीच नाही; अपघातातली भरपाई घर-जमिनीवर येते.

लायसन्सबद्दल संभ्रम बराच असतो. ट्रॅक्टर चालवण्याचं लायसन्स असलेला ड्रायव्हर मागे ट्रॉली जोडली म्हणून अपात्र ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात म्हटलं आहे. रिकामं वजन साडेसात हजार किलोच्या आतलं ट्रॅक्टर हलक्या वाहनात मोडतं. लायसन्सची मुदत मात्र हंगाम संपेपर्यंतची आहे ना ते बघा. अल्पवयीन मुलाच्या हातात ट्रॅक्टर दिला तर कलम १९९ अ नुसार मालक-पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय नोंदणी १२ महिने रद्द.

जादा वजनाला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. पाच टन जादा म्हणजे ३०,०००. ऊस बाजूला, मागे किंवा वर मर्यादेबाहेर गेला तर त्याचे वेगळे २०,०००. वजन करायला थांबलाच नाहीत तर ४०,०००. यातले पहिले दोन दंड चालकाइतकेच चालवू देणाऱ्यालाही लागू होतात. तोडणीची टोळी उसावर, दांडीवर किंवा मडगार्डवर बसवून न्यायची नाही. ट्रॅक्टरवर जागा एका ड्रायव्हरची असते आणि विमाही तेवढाच मानतो. टोळीसाठी दुसरी गाडी लावा आणि तो खर्च मुकादमाशी बोलतानाच धरा.

पहिली खेप दिवसा, निम्म्या भारानं आणि एकाच ट्रॉलीनं करा. त्या उताराच्या वरच्या टोकाला थांबून गिअर ठरवा, पुलाच्या रुंदीत ट्रॉली कशी येते ते बघा आणि परत आल्यावर सगळे नट, पिन, साखळ्या आणि हब एकदा तपासा.